बघण्याचा कार्यक्रम आणि माझी हेवी क्रूझर

मला बघायला आलेला मुलगा पोहे संपवून रिकामी बशी हातात धरून बसला होता. त्याच्या वडिलांनीच शेवटी ठरलेलं वाक्य टाकलं, "मुलांना जरा आत बोलू द्या."

गिरगाव सोडून आम्ही भाईंदरला, इंद्रलोकमध्ये राहायला आलो तेव्हा बाबांनी मला जुना कॉम्प्युटर घेऊन दिला होता. ऑफिसातून आले की मी त्यावर आरमारी लढायांचा एक गेम खेळायचे आणि त्यात नेहमी हेवी क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, घ्यायचे. त्या दिवशी आतल्या खोलीत तो बंद करायचा राहिला होता.

"तुम्हाला स्वयंपाकात काय..." म्हणता म्हणता त्याची नजर स्क्रीनवर गेली. "तुम्ही हेवी क्रूझर घेता?"

"का? काय वाईट आहे?"

"ना धड बॅटलशिपसारखी दणकट, ना धड डिस्ट्रॉयरसारखी चपळ."

मला रागच आला. "आठ इंची तोफा आहेत तिच्या. डिस्ट्रॉयर समोर टिकत नाही. आणि बॅटलशिप आली तर पळता येतं."

"पळून कोण जिंकलंय? चिलखत पातळ. बॅटलशिपचा एक गोळा नीट बसला की खलास."

"बसला तर ना! बसा खाली, दाखवते."

एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने चाली द्यायच्या होत्या. एकाने चाल द्यायची, दुसऱ्याने तोंड फिरवायचं. आई पाणी द्यायच्या निमित्ताने डोकावली, तेव्हा माझी पाळी होती आणि नवरा मुलगा कपाटाकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभा होता. आई पाण्यासकट परत फिरली. तिने बाहेर काय सांगितलं माहीत नाही, पण बाबा एकदम मोठमोठ्याने भाईंदरच्या पाणीटंचाईवर बोलायला लागले.

मी लांबूनच मारा करत राहिले. त्याने एक बॅटलशिप आणि दोन डिस्ट्रॉयर घेतल्या होत्या; दोन्ही डिस्ट्रॉयर मी बुडवल्या. त्याची बॅटलशिप मागून येत होती, पण माझा वेग तिला झेपेना. "थांब ना जरा!" तो ओरडला. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. बॅटलशिप निम्मी जळली आणि मला हाव सुटली. टॉर्पेडो सोडायला मी थेट जवळ गेले. त्याने सगळ्या तोफा एकदम डागल्या.

"मेली! मेली!" तो खुर्चीवरून उडालाच.

"मेली नाही अजून! तरंगतेय!" मीही ओरडले.

हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. मग दोन्हीकडचे आईवडील दारात.

"कोण मेली?" त्याच्या वडिलांनी विचारलं.

"हिची क्रूझर," तो म्हणाला. तेवढ्यात ती बुडालीसुद्धा.

"मी उगाच जवळ गेले, नाहीतर हाच बुडाला असता," मी त्यांना सांगितलं. आईने कपाळाला हात लावला.

निघताना त्याची आई चपला घालता घालता मला म्हणाली, "आमच्याकडे कॉम्प्युटर एकच आहे हं."

हा होकार होता, हे त्यांची रिक्षा वळेपर्यंत आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. बाबा तर रात्रीपर्यंत दुसरं स्थळ शोधायच्या गोष्टी करत होते.