मंडळीवर विश्वास

लेकीच्या बाप्तिस्म्याला दोन आठवडे होते, तेव्हा बायकोनं माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर मतांगीकार होता, म्हणजे आपण काय मानतो ते त्यांच्या चर्चमध्ये सगळे उभं राहून एका सुरात म्हणतात, तो. "आईबापानं पुढं उभं राहून म्हणायचा असतो. पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालतंय. पण म्हणणार असाल तर खोटं म्हणू नका. तसलं मला सहन व्हायचं न्हाई."

झाली का पंचाईत! मी भोकरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, नांदेडात शाळामास्तर. ती लातूरची, दवाखान्यात नर्स. लग्न कोर्टात झालं, तिथं सह्या घेतल्या, कोण काय मानतं ते विचारलं नाही. आमच्या घरातही कधी कुणी विचारलं नव्हतं. आई दरवर्षी माहूरला जाते, देवीची ओटी भरते, परत येते. नक्की काय मानतेस म्हणून विचारलं असतं तर म्हणाली असती, "डोस्कं फिरलं का तुझं?"

कागद मी डब्याच्या पिशवीत ठेवला अन् मधल्या सुट्टीत वाचू लागलो. आकाश, पृथ्वी कुणीतरी केली, इथवर ठीक. पुढं कुमारीच्या पोटी जन्म, मेलेला तिसऱ्या दिवशी उठला, तिथं अडलो. मधेच एक रोमी सुभेदार, क्रुसावर चढवायचा हुकूम देणारा.

"ह्या सुभेदारावर कशाला विश्वास ठेवायचा?" मी घरी येऊन चिडून विचारलं.

"त्याच्यावर न्हाई हो. त्याच्या अमलात घडलं, एवढंच."

मग हे मानायचं, का नुसतं लक्षात ठेवायचं? माझा पार गोंधळ उडाला.

शेवटाकडं होती 'पवित्र मंडळी'. आमच्याकडं मंडळी म्हणजे बायको. त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला होता, "काय म्हणती मंडळी? लेकरू कसं हाय?" मी बायकोला म्हटलं, एवढी एक ओळ मात्र जमेल मला.

"थट्टा नको," ती म्हणाली. "मंडळी म्हणजे सगळे विश्वासणारे. मी एकटी न्हाई."

थट्टा नव्हती. लेक सातव्या महिन्यात झाली. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. बायको स्टुलावर बसून, पेटीच्या भोकातून आपलं बोट तिच्या मुठीत देऊन, हाच मतांगीकार पुटपुटायची. संपला की परत पहिल्यापासून. मी बाहेर बाकावर. माझ्याकडं म्हणायला काहीच नव्हतं. तिचा मला हेवा वाटला, अजून वाटतो.

रविवारी आम्ही पुढं उभे राहिलो. सगळ्यांनी सुरुवात केली. माझं तोंड काही उघडेना. एकेक ओळ निघून गेली, सुभेदारही गेला. बायको माझ्याकडं बघत नव्हती. मग ती ओळ आली, अन् "मंडळीवर विश्वास ठेवतो" हे माझ्या तोंडून एवढ्या मोठ्यानं निघालं की पाळकसाहेबांनी पुस्तकातून मान वर केली. पुढच्या ओळीला मी पुन्हा गप्प.

बाहेर गाडीपाशी आल्यावर तिनं विचारलं, "कोणती मंडळी? चर्चची का घरची?"

"नाही सांगता येत गं. म्हणताना मला त्या पेटीतलं तुझं बोट दिसत होतं."

ती म्हणाली, "खोटं न्हाई म्हणालात," अन् लेकीला माझ्या हातात देऊन पदरानं डोळे पुसू लागली.