भिकन हवालदाराचे स्कॉटलंडचे आबा

एरंडोलच्या पोस्टात मी एकतीस वर्षं काढली. पोस्टकार्ड हे मुळात उघडं असतं आणि देवानं मला डोळे दिलेले. त्यामुळे कोणाची सून रुसून शिरपूरला बसलीय, कोणाचा जावई नशिराबादला भलत्याच घरी चहा पितो, हे सगळं मला त्या-त्या घराच्या आधी कळायचं. लोक नावं ठेवायचे आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारायचे, "नाना, आज काय नवीन?"

पण ही गोष्ट मी ओट्यावर कधी सांगितली नाही.

भिकन पाटील आमच्या ठाण्यातला हवालदार. आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईनं पाच घरी पदर पसरून भीक मागितली आणि पोराचं नाव ठेवलं भिकन. पोरगा जगला, चांगला सहा फूट वाढला. धुळ्याला इंटरपर्यंत शिकला, बाप गेला तशी पुस्तकं ठेवून काठी हातात घेतली. मिशा अशा, की बघूनच पाकीटमारानं पाकीट परत करावं. आणि या गड्याला नाद कसला? इंग्रजी खूनकथांचा!

झालं असं. आरोपींना घेऊन जळगावच्या कोर्टात तारखेला जायचं काम त्याच्याकडे. स्टेशनजवळ एक जुन्या पुस्तकांची हातगाडी लागायची. तिथं ऐंशी-एक्क्याऐंशी साली त्याला एक कव्हर फाटलेली कादंबरी मिळाली. लिहिणारा स्कॉटलंडचा. नाव असं अवघड, की म्हणताना माझी कवळी निसटायची. भिकनचीही जीभ अडखळायची, म्हणून तो त्याला 'आबा' म्हणू लागला. पुस्तकाच्या पाठीवर फोटो होता. डोक्याला चपटी टोपी, तोंडात चिलीम, कपाळावर आठ्या. दिसायला अगदी आमच्या वखारीवरच्या मुकादमासारखा.

मग एसटीत हे दृश्य ठरलेलं. भिकन खिडकीशी, मांडीवर डिक्शनरी, शेजारी बेडीतला आरोपी. भिकन वाचायचा आणि त्याला अहिराणीत गोष्ट सांगायचा. जळगावच्या अलीकडचा पाळधीचा थांबा आला की आरोपी अगदी रडकुंडीला.

"हवालदारसाहेब, मंग खून कोनी करा?"

"पुढनी तारीखले सांगसू."

धनसिंग नावाचा एक कोंबडीचोर तर म्हणे गुन्हा कबूल करायलाच तयार नव्हता. कबूल केला तर तारखा संपतील आणि खुनी कळायचा राहील.

मी चिडवायचो. "भिकन, एक तरी खून तू शोधून काढ ना. एरंडोलात सायकलचा चोर तुला सापडत नाही."

तो गंभीर व्हायचा. "नाना, आबाना इन्स्पेक्टर चोर कमीच शोधस. चोर कसा झाला, ते शोधस."

हे आबा खाणकामगाराचे पोर. त्यांच्या गोष्टीतला इन्स्पेक्टर कोणावर हात उगारत नसे. चौऱ्याऐंशी साली तिकडे कोळसाखाणींचा संप झाला, तेव्हा सत्तरी उलटलेले आबा काठी टेकत खाणीच्या फाटकावर कामगारांत जाऊन बसले. त्यांची एक मुलाखत रद्दीतल्या इंग्रजी मासिकात निघाली. ती भिकननं घडी करून टोपीच्या आत ठेवली होती. त्यातलं एक वाक्य त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलं, की माझं पाठ झालं. 'खून कोणी केला हे शोधायला पोलीस लागतो. गाव कोणी मारलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याची फिर्याद कोणी घेत नाही.'

"तुझ्या साहेबांना ऐकव हे," मी म्हणायचो. "बदली थेट अक्कलकुव्याला."

तो हसायचा. त्याच्या नादानं ठाण्यातली मारझोड मात्र खरंच कमी झाली होती. चोरांच्या बायकासुद्धा देवापाशी मागायच्या, धरायचंच असेल तर भिकनभाऊनं धरावं.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात धुळ्याला एका गिरणीवर संप चिघळला. आजूबाजूच्या ठाण्यांतून बंदोबस्त मागवला, त्यात आमचा भिकन. फाटकासमोर लाठ्या चालल्या. परत आला तो चार दिवस पोस्टाकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी पोस्टाच्या मागच्या पायरीवर बसला.

"नाना, मी एकले मारं."

गिरधर नावाचा विणकर. तो पळतसुद्धा नव्हता, पडलेल्या कुणाला उठवत होता. हुकूम झाला, सगळ्यांच्या काठ्या उठल्या, याचीही उठली. गिरधरचं उजवं मनगट चुरलं. वर त्याच्यावरच खटला, की यानं पोलिसांवर दगड फेकला. आणि साक्षीदार कोण? भिकन पाटील.

"दगड त्यानं फेकला होता?"

"त्येना हातमा पडेल मानसाना हात व्हता, नाना."

मोठे साहेब म्हणाले होते, दोन ओळींची साक्ष आहे, पाठ कर. खरं बोलावं तर नोकरीवर गदा, घरात तीन मुली, मोठी लग्नाला आलेली. खोटं बोलावं तर गिरधर तुरुंगात. ठाण्यात ज्याला-त्याला विचारलं, सगळ्यांनी एकच सांगितलं: गप पाठ कर.

"एक मानूस जरी म्हने ना, भिकन, उभा रहाय," तो म्हणाला, "ते मी उभा रहासू. माले एकटाले धीर नही."

तो माणूस त्यानं ठरवला होता. फेब्रुवारीत त्यानं आबांना पत्र लिहिलं, पुस्तक छापणाऱ्यांच्या पत्त्यावर. डिक्शनरी घेऊन अकरा दिवस लिहीत होता. तिकिटं मीच लावली. साक्षीची तारीख जुलैत होती.

मग रोजची फेरी. सायकल टेकवायचा आणि खिडकीतून डोकं घालायचा. "नाना, आबाना कागद उना का?"

"आला होता," मी म्हणायचो. "म्हणाले, भिकनचं इंग्रजी वाचून इथल्या चार माणसांना घेरी आली."

सगळं गाव चिडवायचं. त्याची बायको द्रौपदाबाई मात्र नाही. अक्षरशत्रू बाई, पण नवरा कशाची वाट बघतोय ते तिला पक्कं ठाऊक. पोस्टमन भटू दिसला की तीच आधी उंबऱ्यात यायची.

आता माझं सांगतो. मला परदेशी तिकिटांचा शौक होता. गावातली काही माणसं दुबई-कुवेतला, त्यांची पत्रं यायची. मी कात्रीनं तिकिटाचा चौकोन अलगद कापून घ्यायचो आणि पत्र पुढे पाठवायचो. लोकांना मतलब आतल्या कागदाशी. कोणी कधी हूं की चूं केलं नाही.

जूनच्या शेवटी एका सकाळी थैलीतून ते पाकीट निघालं. राणीच्या डोक्याचं तिकीट, शिक्का स्वच्छ, आणि नाव भिकन पाटील, पोलीस ठाणे लाइन, एरंडोल. हाताला जाड लागलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! भटूला म्हटलं, "आज हवालदाराकडून पेढे वसूल कर." आणि तिकीट? भिकनला मागितलं असतं तर त्यानं हसत दिलं असतं. पण सवय. कात्री जागेवर नव्हती, सीलबंद थैल्यांची दोरी कापायला कोणीतरी नेली होती. भटू निघायच्या घाईत. मी तिकिटासकट कोपरा हातानंच फाडला.

आमच्याकडे कोपरा फाटलेला कागद म्हणजे काय, हे खानदेशात पोरालाही सांगावं लागत नाही. मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. तसा कागद उंबऱ्याच्या आत न्यायचा नाही, उभ्यानं वाचायचा आणि तिथंच नाहीसा करायचा. एकतीस वर्षांत तसली हजारो कार्डं माझ्या हातून गेली. आणि मलाच त्या सकाळी सुचलं नाही.

भिकन त्या दिवशी आरोपी घेऊन जळगावला गेलेला. भटूनं दारातून आवाज दिला, पाकीट टाकलं आणि पुढच्या गल्लीत वळला. द्रौपदाबाईनं उचललं. शेजारच्या कुंदाबाईंना दाखवलं, त्या चौथी शिकलेल्या.

"इंग्रजी शे," कुंदाबाई म्हणाल्या. "अन् कोपरा फाटेल शे. गया व माय तो म्हातारा."

द्रौपदाबाईला वाटलं, नवरा आला की हा कागद छातीशी धरून बसेल, घरात नेईल, पुस्तकांत ठेवेल. घरात तीन लेकी. तिनं न फोडताच परसातल्या चुलीत घातला, अंगावर पाणी घेतलं आणि नवऱ्याची वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी भिकन पोस्टात आला. डोळे सुजलेले.

"आबा गयात, नाना."

"कोणी सांगितलं?"

"कागद उना व्हता. कोपरा फाटेल."

राणीचं तिकीट तेव्हा माझ्या घरी बशीत पाण्यावर तरंगत होतं.

तो खिडकीवर आणखी वाकला. शिकलेला माणूस, शंका येणारच. "नाना, तुम्ही पोस्टवाला. तठे, विलायतमा, तेभी कोपरा फाडतस का?"

लिहायला बसलोय तर खरं लिहितो. पेन्शनला पाच वर्षं उरली होती. टपालाला हात लावला हे वर कळलं, तर ती जाणार होती. हा विचार मनात यायला एखादा शिक्का मारण्याइतकाही वेळ लागला नाही.

"फाडतात," मी म्हणालो. "मरण सगळीकडे सारखंच, भिकन."

त्यानं मान हलवली. पोस्टाच्या माणसानं सांगितल्यावर प्रश्नच मिटला.

दहाव्या दिवशी त्यानं अंजनी नदीच्या काठी डोकं-मिशा उतरवल्या. रजेच्या अर्जात लिहिलं, 'आजोबा वारले.' बाजारात लोक म्हणाले, "हवालदार, तुमना घरना आबा ते कव्हयच गयात ना?" काहीजण हसून लोळले. त्यांच्यात मीही होतो, कारण हसलो नसतो तर माझ्याकडे बघितलं असतं. रोज ठरवायचो, उद्या सांगू. साक्षीला दोनच दिवस उरले, तेव्हा त्याच्या घरापर्यंत जाऊन परत आलो. आत तो मोठ्यानं काही पाठ करत होता. दोनच ओळी होत्या.

धुळ्याच्या कोर्टात बोडक्या डोक्यावर टोपी ठेवून त्यानं त्या म्हटल्या. गिरधरला सहा महिने झाले. मनगट तसंच वाकडं जुळलं. त्या हातानं पुन्हा माग चालला नाही.

भिकनला बढती मिळाली. एसटीत तो आता समोर बघत बसायचा. एकदा धनसिंगनं, म्हणजे त्या कोंबडीचोरानं, विचारलं, "साहेब, ती गोष्ट?" भिकन म्हणाला, "सरनी." संपली.

एक्क्याण्णव साली हातगाडीवाल्यानं जुन्या ओळखीनं त्याला हाक मारली आणि आबांचं एक पुस्तक पुढे केलं. छापल्याचं साल नव्वद. आत ताजी प्रस्तावना. आबा लिहीत होते, की तिकडे सरकारनं माणशी कर बसवला, तो मी भरला नाही आणि भरणार नाही, वयाच्या ऐंशीव्या वर्षी मला तुरुंगात नेत असतील तर नेवोत. भिकन ते पुस्तक घेऊन तडक माझ्याकडे आला.

"सत्त्याऐंशीले मरेल मानूस नव्वदमा कर कसा नाकारस, नाना?"

मी चष्मा पुसत बसलो. त्याचा अंदाज त्यानंच बांधला होता. "तो कागद आबानाच व्हता. मन्हा प्रश्नना जबाब व्हता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "द्रौपदाले सांगू नका. तिले वाटी, तिनीच जाळं."

त्यानं पुन्हा पत्र लिहिलं. या वेळी एकाच दिवसात. 'तुमचं पत्र घरापर्यंत आलं, पण मला वाचता आलं नाही. त्यात काय लिहिलं होतं, तेवढं कळवा. आता उपयोग नाही, तरी कळवा.' मी तिकिटं लावली.

ब्याण्णवच्या मार्चात तेच पाकीट परत आलं. न फोडलेलं. वर तांबड्या शाईचा शिक्का आणि कोणाच्या तरी बारीक अक्षरात एक इंग्रजी शब्द. अर्थ: मयत.

 मग आमच्या रिवाजाप्रमाणे कोपरा फाडला, हातानंच. भटूला म्हटलं, हे मी नेतो. घरी जाऊन अल्बममधून ते राणीचं तिकीट काढलं आणि खिशात टाकलं.

भिकन ओट्यावर होता. मिशा पांढऱ्या. माझ्या हातातला कागद बघून उठला, चप्पल घालून अंगणात आला, उंबऱ्यापासून लांब. उभ्यानं वाचला. मग फाटलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"इंग्रज लोके कोपरा फाडतस नही ना, नाना? हाऊ तुम्हीच फाडेल शे."

"हो."

"अन् तव्हयना कोपरा?"

मी तिकीट त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते डोळ्यांजवळ नेलं. शिक्क्यातली तारीख वाचली. मिटलेल्या ओठांत ती दोनदा म्हटली. आतून द्रौपदाबाई विचारत होत्या, कोण आलंय. त्यानं तिकीट सदऱ्याच्या खिशात घातलं आणि ओरडून सांगितलं, "कोनी नही. नाना शेतस. मयतना कागद शे, तू बाहेर येऊ नको."

मग नळाखालची बादली ओढली, तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला. सुतकाचा कागद आणणाऱ्याला अंगावर पाणी घ्यावं लागतं. मी भर चौकात जोडा खायच्या तयारीनं गेलो होतो. तो तांब्या काही माझ्यानं घेववेना.

"नाना," तो म्हणाला, "एकच सांगा. पाकीट जाड व्हतं का पतलं?"

"जाड," मी म्हणालो. या प्रकरणात मी त्याला सांगितलेली दुसरी खरी गोष्ट. "तीन-चार कागद तरी असतील."

त्यानं तांब्या आणखी पुढे केला.

"मंग एक ओळना जबाब नही. समजाडीसन लिखेल व्हई," तो म्हणाला.