एकेकच बटण

दुकान उघडल्यावर आत्या आधी दिवा लावायची नाही. शटर वर ढकलून ती अर्धवट अंधारात भिंतीपाशी जायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डब्यांवरून तळहात फिरवत चालायची. भिंतभर पुठ्ठ्याचे डबे होते. आत ज्या प्रकारची बटणं असतील त्यातलं एक प्रत्येक डब्याच्या तोंडावर दोऱ्यानं टाचलेलं. तिच्या हाताखालून बटणं जाताना बारीक आवाज व्हायचा, वाळलेल्या पानांतून कुणी हळू चालल्यासारखा. एखादं सैल लागलं की ती थांबायची, सुई-दोरा काढायची, आणि मगच दिवा लागायचा.

"आमच्यावरून कधी इतक्या मायेनं हात फिरवला नाही," आत्याचे यजमान, म्हणजे माझे काका, म्हणायचे.

"तुम्हाला टाके घालायची वेळ आली नाही अजून," आत्या म्हणायची.

हे दुकान आजोबांचं; मागच्या खोल्यांत आता आत्या-काकांचं घर. आत्या कॉलेजात गेली ती एकच आठवडा. त्या आठवड्याच्या शेवटी आजोबा अंथरुणाला खिळले आणि दुकानाची किल्ली तिच्या हातात आली. पुढे धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या बाबांचं, शिक्षण झालं, तिचं लग्न झालं, केस पांढरे झाले. ती कधी कुरकुरली नाही. फक्त एम.ए.साठी मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "दुसऱ्या आठवड्यात काय शिकवतात गं कॉलेजात?" मला प्रश्नच कळला नव्हता.

मग विद्यापीठानं नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी घरबसल्या शिकायचं एक मॉड्यूल सुरू केलं, 'डिजिटल व्यवसाय'. आत्यानं मला न विचारता अर्ज भरला. नाव लागलं तेव्हा काका चकित झाले. "बटणं विकायला विद्यापीठ कशाला?"

"बटणं येतात मला विकता. विद्यापीठ येत नाही," ती म्हणाली.

पहिल्या तासाला ती इस्त्रीची साडी नेसून माझ्या लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावरच्या मॅडम माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्या म्हणाल्या, "इथे तुमच्या दुकानाला दार नाही, म्हणून ते कधी बंदही होत नाही."

आत्यानं हात वर केला. "मग झाडलोट कधी करायची?"

मॅडम मनापासून हसल्या. मग त्यांनी आठवड्याचं काम सांगितलं. आपल्या धंद्याचं इंटरनेटवर एक पान तयार करायचं आणि शुक्रवारच्या तासापर्यंत त्या पानावर एका तरी अनोळखी माणसाचा प्रश्न यायला हवा. नातेवाईक, शेजारी, मित्र चालणार नाहीत. प्रश्न आला नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जाणार.

तास संपल्यावर आत्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसून राहिली. "या वेळी पहिल्या आठवड्यातच बाहेर नाही पडायचं," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे, पडद्याशी.

पान तिनं एकटीनं बनवलं. मला हात लावू दिला नाही. डब्यांचे फोटो काढले, रंग लिहिले, आकार लिहिले. बुधवारी तिनं मला ते दाखवलं. प्रत्येक फोटोत डब्याचं तोंड आणि त्यावर टाचलेलं ते एक बटण. खाली 'शिल्लक' या रकान्यात सगळीकडे एकच आकडा, एक.

"आत्या, हे काय लिहिलंस?"

"का? एक डबा. एक म्हणजे एकच ना."

"अगं, लोकांना डबा कुठे दिसतोय? त्यांना वाटेल, तुझ्याकडे प्रत्येकाचं एकेकच बटण आहे!"

तिच्या लेखी टाचलेलं बटण म्हणजे अख्खा डबा. आयुष्यभर गिऱ्हाइकानं बोट दाखवलं की ती डबा काढत आली होती. जगात कुणाला ही खूण माहीत नसेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"फुटकं नशीब," ती हळूच म्हणाली. "म्हणूनच कुणी फिरकलं नाही."

गुरुवारी दुपारी मात्र लॅपटॉप वाजला. आम्ही दोघी धावलो. पानावर प्रश्न होता:

'सप्रेम नमस्कार. आपणाकडे शर्टाची बटणे मिळतील काय? कळावे. एक अनोळखी इसम.'

काकांची सारी नोकरी टपाल खात्यात गेलेली. आत्यानं प्रश्न दोनदा वाचला, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि हाक मारली, "अहो अनोळखी इसम, जेवायला चला."

काका मोबाइल पाठीमागे लपवत बाहेर आले. "त्या मॅडमना काय कळणार होतं?"

"मला कळलं ना." तिनं तो प्रश्न पुसून टाकला. ताट वाढताना मात्र काकांना हवं-नको जरा जास्तच विचारलं.

शुक्रवारी सकाळी तिनं डबे खाली उतरवायला घेतले. प्रत्येक डबा उघडून आतला ढीग दिसेल असा नवा फोटो काढायचा. संध्याकाळपर्यंत पाव भिंतही होणार नव्हती, दोघींनाही ते ठाऊक होतं. मी झाकणं धरत होते. ती स्टुलावर उभी होती. तेवढ्यात लॅपटॉप वाजला.

"बघ, तुझ्या काकांना चैन नाही," ती म्हणाली.

पण काका तर समोरच पेपर वाचत होते.

मी मोठ्यानं वाचलं. 'हा माझ्या वडिलांचा कोट. वरून तिसरं बटण हरवलंय. इथल्या दुकानांत म्हणतात, सगळीच बदलून टाका. मला बाकीची बदलायची नाहीत, त्यांना बाबांचे हात लागलेत. तुमच्याकडे प्रत्येकाचं एकेकच आहे असं दिसलं, म्हणून विचारते. यासारखं असेल का?' सोबत फोटो होता. राखाडी कोट, तपकिरी बटणं, मध्ये एक रिकामी जागा आणि तिथे लोंबणारा दोरा. खाली गावाचं नाव. ते आम्हा दोघींना नीट उच्चारताही येईना.

आत्या स्टुलावरून उतरली आणि त्याच स्टुलावर बसली.

"ही कोण गं?"

"माहीत नाही."

"आपल्यातली नाही ना? नीट बघ."

"नाही गं आत्या."

"मग हिला माझी भिंत दिसली कशी?"

मी शोध कसा लागतो ते सांगू लागले आणि मध्येच थांबले. मलाही ते अर्धंच कळत होतं, आणि तिचं लक्ष नव्हतं. तिनं उजवा तळहात उचलला आणि पडद्यावरच्या कोटावरून वरून खाली फिरवला, रोज सकाळी फिरवायची तसा. काचेवर आवाज झाला नाही. रिकाम्या जागेपाशी हात थांबला. काकांनी पेपर खाली ठेवला.

दुपारपर्यंत आणखी दोन प्रश्न आले. एकाच्या स्वेटरचं बटण, एकीच्या उशीच्या अभ्र्याचं. "बाई गं," आत्या पुटपुटली, "सगळ्या जगाचं एकेक बटण तुटलंय."

संध्याकाळी मॅडमनी पान पाहून विचारलं, "ही एकेक बटणाची कल्पना तुमची?"

"कल्पना कसली? चुकून झालं," आत्या म्हणाली. "मला डबा म्हणायचं होतं."

"मग आता बदलणार?"

आत्यानं अर्धी उतरवलेली भिंत पाहिली. "नाही बाई. त्या मुलीला पुन्हा यायचं झालं तर ओळख पटायला हवी."

मॅडमनी तिच्या नावापुढे खूण केली.

शनिवारी सकाळी भिंतीवरून हात फिरवून झाल्यावर आत्या लॅपटॉपसमोर बसली. मॉड्यूलच्या यादीत काल कुलूप दिसत होतं तिथे आज निळ्या अक्षरांत 'दुसरा आठवडा' असं लिहिलं होतं. तिनं ते उघडलं नाही लगेच. मंदिराच्या पायरीवर माणूस चप्पल काढताना थांबतो तशी थांबली. मी मागे उभी होते.

मग मान न वळवता ती म्हणाली, "अगं, उभी काय राहिलीस? शटर थोडं खाली ओढ, पडद्यावर ऊन येतंय."