सवतीच्या दोरातला उलटा पीळ

धक्क्यावर त्यांना सगळे मोकळेकाका म्हणत. हे आडनाव नव्हे. कुणाच्या बोटीचा दोर अडकला की मोकळा करायला त्यांनाच हाक जायची, म्हणून मोकळेकाका. त्यांची रीत ठरलेली. ज्याला दोर ओढावासा वाटतो त्याने आधी हात खिशात घालावेत, कारण ओढलं की अडकलेलं आणखी अडकतं. दोर जिथून जिथून जातो तिथे बोटाने चाचपत जायचं, एकेक कप्पी फिरवून बघायची, की दोषी आपोआप सापडतो.

लोकांचे दोर सोडवून झाले की काका आपल्या छोट्या शिडाच्या बोटीत जाऊन बसत. काकू त्या बोटीला सवत म्हणत. "विकून टाका एकदाची ती अवदसा!" हे लग्नापासूनचं पालुपद. त्यांनी तिच्यात कधी पाऊल ठेवलं नाही.

मागच्या वर्षी काकांच्या गुडघ्याने दगा दिला. मग ते आपल्या दोरांच्या दुकानातच बसून दोर सांधू लागले, आणि बोट धक्क्याच्या पार टोकाला बांधून राहिली. काकांनी तिचं नाव घेणंही सोडलं. शेवटी मन घट्ट करून त्यांनी ती बाजारातल्या चष्म्याच्या दुकानवाल्याला, चष्मेवाल्याला, विकायचं कबूल केलं. बायकोच्या मनासारखं एकदा तरी होऊ दे, असं त्यांना वाटलं. तिला मात्र व्यवहार झाल्यावरच सांगायचं होतं. रडू येत होतं, ते त्यांनी गिळलं.

चष्मेवाला संध्याकाळी येणार होता. दुपारी काका तेलाची बाटली घेऊन लंगडत बोटीत उतरले. वर्षभर पडून राहिलेली बोट. कप्प्या मिठाने धरलेल्या असणार, दोर लाकडासारखा झालेला असणार. त्यांनी दोर ओढला आणि शीड सरसर वर गेलं.

काका आ वासून बघतच राहिले.

उतरवायला गेले तर ते अर्ध्यावर अडलं. शिडात वारा भरला, बोट हिसके देऊ लागली. तरी हात खिशात घालून त्यांनी क्षणभर विचार केला. डोलकाठीची खाच चाचपली, तर आत मेणबत्ती घासलेली, तीही ताजी. कप्पीची चाकं धुतलेली, भिंगरीसारखी फिरणारी. फक्त खालच्या कप्पीत दोराला पिळाची गाठ पडून ती घट्ट बसली होती. काकांनी ती मागे ढकलून सोडवली आणि सगळं शीड त्यांच्या डोक्यावर कोसळलं.

"माझी बोट वापरतंय कोण?" ते शिडाखालूनच ओरडले.

बाहेर येऊन त्यांनी दोर हातात घेतला. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळी. हा दोर कुणीतरी पुन्हा पुन्हा उलट्या बाजूने गुंडाळला होता. धक्क्यावर एकही माणूस डावखुरा नव्हता. काकांच्या डोळ्यांपुढे घरची कपडे वाळत घालायची दोरी आली. तिलाही असाच पीळ. त्यावरून डावखुऱ्या बायकोची थट्टा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

धक्क्यावर जन्म काढला, पण असा धक्का कधी बसला नव्हता.

घरी काकू वाळलेले कपडे काढून दोरी गुंडाळत होत्या.

"आज शीड उतरेना," काका कसेबसे म्हणाले.

"खालच्या कप्पीत अडकलं असेल. मलाही तिथेच..." काकूंनी जीभ चावली.

काका मटकन पायरीवर बसले. "अगं, तुला पोहता येत नाही!"

"शिकले."

"कधी?"

"तुम्ही गुडघा धरून बसलात तेव्हा. तिचं नाव काढेनात. घरात भांडायला विषय उरला नाही हो. म्हटलं, आहे तरी काय त्या बयेत, बघून यावं. मग रोजच जावंसं वाटायला लागलं. इतकी वर्षं तिला शिव्या घातल्या, आता कुठल्या तोंडाने सांगणार होते तुम्हाला?"

बायको एकटी पाण्यावर जाते, या विचाराने काका आता धास्तावले होते. आणि आज ते तिला न विचारता ती बोट देऊन टाकणार होते.

तेवढ्यात फाटकातून चष्मेवाल्याची हाक आली. "काका, निघायचं ना?"

"बोट द्यायची नाही," काका म्हणाले.

"अहो, शब्द दिला होतात!"

"दिला होता. चुकलं माझं. ती माझ्या एकट्याची नाही, हे मलाच आज कळलं."

काकूंच्या हातातली दोरी गळून पडली. "विकत होतात?"

काकांनी खाली वाकून दोरी उचलली आणि हळूहळू, तिच्यासारखी, उलटी गुंडाळायला घेतली.