ओढ्याला गेलेली माती

"माती म्हायेरी गेलीया, आणाया चालले," असं म्हणून मावशी रिकामी पाटी डोक्यावर पालथी घालायच्या. समोर भेटणाऱ्याने हसावं की पाटीला हात लावावा, ते कळत नसे. मी वेल्ह्याच्या पुढे, पासलीकडच्या शाळेवर नवी होते, म्हणून आधी हसले. पुढे पाटीलाही हात लावला.

त्यांचं भाताचं खाचर डोंगराच्या पायथ्याशी, शाळेच्या कुंपणाला लागून होतं. पावसाळ्यात बांध फुटून त्यातली माती ओढ्यात जायची. भात कापून झालं की मावशी ओढ्याच्या वळणावर साचलेला गाळ पाटी-पाटीने वर आणत आणि खाचरात पसरत. आपलीच माती ओळखू कशी येते, असं मी एकदा विचारलं.

"तुमाला वर्गातली पोरं वळखू येत न्हाईत व्हय, बाई?"

शेजारपाजारच्या दोन-चार खाचरांची माती त्यांनी अशी बिनबोभाट आपल्यात घेतली असणार.

पूर्वी पंधरा दिवस रिपरिपणारा पाऊस आता एका दुपारीच कोसळून मोकळा होतो. त्यावर त्यांचं मत ठरलेलं होतं. "आदी पाऊस पाव्हण्यावानी ऱ्हायाचा. आता टेम्पोवानी येतो, माल भरतो, जातो."

पण राग पावसावर नव्हता, धाकट्या दिरावर होता. खाचराच्या वरचा उतार दिरांचा. गवत जोमानं येतं म्हणून दर फाल्गुनात ते तो पेटवत, त्यांचे वडील पेटवत तसा. उघडा पडलेला उतार पहिल्या मोठ्या सरीला धुपायचा. वरचे दगड गडगडत मावशींच्या बांधावर येत, बांध फुटे, आणि माती ओढ्याला लागे. अलीकडे खाचरात जागोजाग कातळ दिसू लागला होता. आणखी थोडे पावसाळे असेच गेले की रोप लावायला जागाच उरणार नाही, हे मावशींना दिसत होतं.

मी पुस्तक घेऊन दिरांकडे गेले. जळालेल्या उताराची माती कशी सुटते, ते वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चहाही दिला. मग म्हणाले, "बाई, पुस्तकाला गवत लागत न्हाई. माझ्या बैलांना लागतं."

मावशी माझ्यावरच चिडल्या. चहा कशाला घेतला, म्हणून.

त्यानंतर फाल्गुन लागला की त्या निरगुडीची फांदी घेऊन उतारावर बसू लागल्या. दीर खालून विचारत, "वयनी, राखण कशाची?"

"तुमच्या काडेपेटीची."

त्या भाकरी खायला घरी गेल्या की धूर निघायचाच. मग आम्ही दोघी फांद्या घेऊन पळायचो. एका वर्षी अर्धा उतार वाचला, तर त्या आठवडाभर मिरवल्या.

यंदा माघात मावशी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर जमलो. कावळा शिवायचा नाही, अशी मला धास्ती होती. त्यांचा जीव कशात अडकला असेल, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. पुण्याहून आलेला मुलगा काय काय कबूल करायचं ते ठरवून उभा होता. पण पिंड ठेवला आणि कावळा लगेच उतरला, घास घेऊन उडालाही. मावशींना सगळ्याचीच घाई, असं कुणीतरी म्हणालं. लोक चपला शोधू लागले.

दीर मात्र पिंडासमोर तसेच उभे होते. टोपी काढून हातात धरलेली.

"वयनी," ते म्हणाले, "औंदापासनं उतार पेटवणार न्हाई."

मुलगा जवळ गेला. काका, कावळा कधीच शिवला, असं त्याने हळूच सांगितलं.

"बघितलं म्या," दीर म्हणाले, आणि टोपी घातली.