परबाची मधपेटी, सगळ्यांची डोकेदुखी

किस्से आपण गोळा करत नाही. गच्चीवरच्या अडगळीसारखे ते आपोआप साठतात, आणि एक ओढायला जावं तर चार डोक्यावर पडतात. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतली माझी निम्मी अडगळ परबाच्या मधपेटीची आहे.

संपात गिरणी गेली आणि माझा शेजारी परब भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. मग कुठूनसं मधमाश्या पाळायचं शिकून आला, तेव्हा तोंड फिरलं. त्याची बायको, म्हणजे आमच्या सुनंदावहिनी, मला म्हणाल्या, "माश्या तर माश्या, भावजी. माणूस उठून गच्चीवर तरी जातो." म्हणजे पेटी टिकली तर परब टिकणार. हे सगळ्यांना कळत होतं, एक परब सोडून.

*

शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं, साधं, सुकलेलं, वास नसलेलं लाकूड घ्या. परबाने सागवान घेतलं, इथवर झकास. मग पठ्ठ्याने पेटीला आतून-बाहेरून पॉलिश मारलं, असं की समोर बसून दाढी करावी! गावाहून आणलेल्या माश्या आत शिरल्या आणि वासाने तशाच बाहेर येऊन टाकीवर बसल्या.

"नवीन घर आहे ना, लाजतायत," परब म्हणाला.

"तुला पॉलिशच्या डब्यात कोंबतो, बघू किती लाजतोस," मी म्हणालो.

शेवटी आतलं पॉलिश घासून काढलं, पेटी उन्हात टाकली आणि तोवर माश्यांना साध्या खोक्यात ठेवलं. घासलं कोणी? मी. माझं शिक्षण सातवी नापास, त्यामुळे असली कामं माझ्याकडेच येतात.

*

मग गृहप्रवेश. आम्ही कोकणातले, त्यामुळे नारळ आणि गाऱ्हाणं हवंच. गाऱ्हाणं मी घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या माश्यांका सुखान नांदव, आणि कर्णिक सेक्रेटरीक गच्चीपासून लांब ठेव." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात परबाने भक्तीच्या भरात उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवून पेटीच्या दारात खोचला. धूर आत, माश्या बाहेर, आम्ही जिन्यात. नारळ वरच राहिला.

*

मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. परबाने ठेवल्या त्या वहिनींच्या माहेरच्या, चांदीच्या! त्यावरून घरात काय झालं ते मी सांगत नाही, भिंत पातळ असली तरी.

वाट्या बदलल्या, तर डासवाला इन्स्पेक्टर आला. साचलेलं पाणी दिसल्यावर त्याचे डोळे चमकले. वाट्या ओतल्या आणि आणखी पाणी असेल म्हणून पेटीचं झाकणही उचललं.

त्यानंतर तो आमच्या बिल्डिंगचं पाणी खालूनच तपासायचा.

*

पेटी आठवड्यातून एकदा उघडून साफ करायची असते. परब रोज उघडायचा, खुशाली विचारायला. मी किती वेळा सांगितलं, "अरे, तुझं छप्पर रोज सकाळी कोणी उचललं तर तू काय करशील?" ऐकेल तर शपथ. माश्या चिडखोर झाल्या आणि एक दिवस गच्चीवर योगासनं करणाऱ्या कर्णिकांच्या कानाला चावल्या.

मीटिंग झाली. रविवारी पेटी गच्चीवरून खाली, ठराव पास. परबाने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

*

रविवारी आम्ही चौघांनी पेटी उचलली. जिन्यात एवढे धक्के बसले की खाली पोचताच झाकण सरकलं आणि माश्या भर्रकन निघाल्या. गेल्या कुठे? फाटकाजवळ कर्णिकांची स्कूटर उभी होती, तिच्या हँडलला घोसाने लटकल्या.

आणि कर्णिक सफारी घालून, लेकाला घेऊन मुलुंडला मुलगी बघायला निघालेले.

"परब," कर्णिक लांबूनच म्हणाले, "ह्यांना पेटीत घाल."

"घालतो ना साहेब." परबाने रिकामी पेटी पुसली. झाकण नीट केलं. कधी नव्हे ते अगदी सावकाश. "पण घातल्यावर पेटी ठेवू कुठे?"

कर्णिकांनी घड्याळ पाहिलं. स्कूटर पाहिली. गॅलरीत उभ्या वहिनींकडे पाहिलं.

मग एक बोट वर केलं, गच्चीकडे.