निळ्या ओठांचं बाळ

आमच्या शेजारच्या रंगारणीचे हात कोपरापर्यंत निळे. सासरी कापड रंगवण्याचा धंदा. लग्न होऊन आली ती थेट निळीच्या हौदावरच उभी राहिली. सासूची बोलणी मुकाट गिळायची.

बाळ महिन्याचं होतं न होतं तोच त्याचे ओठ आणि नखं निळसर दिसू लागली. सासूने लगेच निकाल दिला. "निळे हात घेऊन पोराला कवटाळतेस. आईनं काही शिकवलं की नाही?" आणि स्वतःच साबणाने बाळाची नखं घासायला बसली. बाळ रडलं, तसं आणखीच निळं पडलं.

"आई, बाळंतपणापासून मी हौदाकडे फिरकलेही नाही."

"मुरलेला रंग तो. असा जातो होय?"

"आणि जीभ? ती बघा. जिभेला मी रंग लावला?"

सासूच्या हातातून बाळ ओढून घेऊन ती तशीच दवाखान्यात गेली. सासू धापा टाकत मागे.

डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे, फुप्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद आहे. अशुद्ध रक्त तसंच अंगभर फिरतंय. ऑपरेशन करावं लागेल."

"दोष कुणाकडचा म्हणायचा? आमच्यात असलं नाही," सासू म्हणाली.

"कुणाकडचाच नाही. पोटात हृदय घडतानाच राहून जातं."

"तरीपण..."

"आई, तुम्ही घरी जा," सून म्हणाली.

ऑपरेशन झालं. गुलाबी झालेलं बाळ घरी आलं, तेव्हा सासू उंबऱ्यातच म्हणाली, "बघ, आता कसं आमच्या वळणावर गेलंय."

सुनेने बाळाला खोलीत नेलं आणि आतून कडी लावली.